घरचा प्रिंटर: तार कुठे लावावी, कुठे नको

नमस्कार. प्रिंटर घ्यायला गेलेला माणूस हल्ली दुकानात किंमत आणि शाईचा खर्च विचारून झाला की 'वाय-फायवाला आहे ना?' एवढं विचारतो आणि पैसे देतो. माझं आज सांगणं आहे की आणखी एक गोष्ट विचारा: मागे लॅनचं पोर्ट, म्हणजे राउटरकडून येणारी तार लावायची खाच, आहे का? मोबाइलवरून प्रिंट काढायची तर प्रिंटरही वाय-फायवरच हवा, अशी समजूत घरोघरी आहे. ती चुकीची आहे. फोन वाय-फायवर असू द्या. प्रिंटर मात्र राउटरला तारेने जोडा. दोघंही एकाच राउटरवर असल्यामुळे फोनला प्रिंटर दिसतो आणि प्रिंट निघते. आयफोनमधली छपाईची सोय, एअरप्रिंट, तीही अशीच चालते.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण चर्चा उगाच तिथे अडते. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण २४८० गुणिले ३५०८ ठिपके, सत्त्याऐंशी लाखांच्या आसपास. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर २६ एमबी होतात. यूएसबी २.० सन २००० मध्ये आलं, त्याचा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. म्हणजे हे पान अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचायला हवं. रडतखडत चालणाऱ्या वाय-फायला, समजा २० मेगाबिट मिळतात, त्याला दहा सेकंद लागतील. प्रत्यक्षात माहिती दाबून लहान करून पाठवली जाते, त्यामुळे वेळ आणखी कमी. आणि चांगल्या प्रतीचा रंगीत फोटो छापायला घरचा इंकजेट याहून जास्त वेळ घेतो. तेव्हा जोडणी निवडताना वेग बाजूला ठेवा. कोण छापणार, कशावरून छापणार आणि यंत्र घरात कुठे बसणार, हे पाहा.

एकच कॉम्प्युटर आहे, तो टेबलावरून हलत नाही आणि प्रिंटर त्याच्या शेजारी आहे, अशा घरात यूएसबी लावा आणि निर्धास्त राहा. राउटर बंद असो, इंटरनेट गेलेलं असो, पासवर्ड बदललेला असो, प्रिंट निघणारच. शिवाय प्रिंटर नेटवर्कवर नसल्यामुळे तिथून त्याच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. खोक्यातल्या कागदावर 'सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय तार जोडू नका' असं लिहिलेलं असेल तर ते पाळा. तार पाच मीटरपर्यंतच चालते, त्यातही दोन मीटरची घ्यावी. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर तशी तार मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. अडचण घरात दुसरा माणूस छापायला आला की सुरू होते. मुलीच्या फोनवरून प्रिंट हवी तर ती आधी कॉम्प्युटरवर पाठवा, मग कॉम्प्युटर चालू करा, असा खटाटोप होतो.

आता वाय-फाय, आणि इथे मुंबईची दाटी आडवी येते. घरगुती वापराचे कित्येक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर उभं राहून फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा. वरचे, खालचे, समोरचे, सगळ्यांचे राउटर दिसतील, आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे बहुतेक याच तीन चॅनलांत दाटीवाटीने बसलेले असतात. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत अडचण वेगळी. भिंती जाड, राउटर दारावर आणि प्रिंटर आतल्या खोलीत. प्रिंटरची वाय-फाय पट्टी दोन रेघांवर आली की काम कधी होतं, कधी अडकतं, आणि माणूस दोष शाईला देतो.

'प्रिंटर ऑफलाइन' हा संदेश तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्यामागे बऱ्याचदा एक साधं कारण असतं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ते शोधायचा क्रमांक, वाटतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला आणि प्रिंटरला दुसरा पत्ता मिळाला, की कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. उपाय असा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या. त्या पानावर मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची स्वतःची कायमची ओळख, असतो, बारा अक्षर-अंकांचा, दोन-दोनच्या जोड्यांत. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन डीएचसीपीखाली (पत्ते वाटण्याची व्यवस्था) पत्ता राखून ठेवण्याची सोय शोधा, तिथे हा मॅक आणि एक ठरावीक आयपी लिहा. पुढे राउटर कितीदाही चालू-बंद झाला तरी प्रिंटर तिथेच सापडतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वाय-फायवर प्रिंटर ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते करावं, असं मी आग्रहाने सांगतो.

दुसरं कारण आपल्याकडे फार आढळतं. फायबरवाल्याचा एक राउटर असतो, त्याची रेंज पुरत नाही म्हणून आपण दुसरा आणून त्यालाच जोडतो. घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. प्रिंटर एकावर, फोन दुसऱ्यावर, आणि फोनच्या यादीत प्रिंटर येतच नाही. दुसरा राउटर त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, मग तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे नेतो, म्हणजे सगळं एकाच नेटवर्कवर येतं. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर कधीच ठेवू नका, तिथली यंत्रं सहसा एकमेकांपासून तोडलेली असतात.

वाय-फाय डायरेक्टबद्दल थोडक्यात. राउटर नसेल तिथे फोन थेट प्रिंटरला जोडायची ही सोय, अडीनडीला चांगली. पण काही प्रिंटरांत ती मुळातच चालू असते आणि पासवर्ड १ ते ८ आकडे ओळीने, असा असतो. शेजाऱ्याच्या फोनमध्ये तुमचा प्रिंटर दिसतो तो यामुळे. वापरत नसाल तर बंद करा, वापरत असाल तर पासवर्ड बदला. ब्लूटूथ लहान फोटो आणि लेबल प्रिंटरांपुरतं ठीक. कंपनीच्या क्लाउडवर भिस्त ठेवू नका: गूगलचं क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं आणि फक्त त्याच्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

म्हणून मी पुन्हा लॅनकडे येतो. छापणारे दोन-तीन जण असतील, फोन आणि लॅपटॉप दोन्हींवरून छापायचं असेल, तर प्रिंटर राउटरशेजारी ठेवून तारेने जोडणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. वाय-फायची गर्दी त्याला भेडसावत नाही, राउटरचा पासवर्ड बदलला तरी त्याला काही फरक पडत नाही. लक्षात असू द्या, अनेक प्रिंटरांत लॅनची तार लावली की वाय-फाय आपोआप बंद होतं. ते बिघडलेलं नसतं. हे पोर्ट स्वस्त मॉडेलांत सहसा नसतं, म्हणून खरेदीच्या वेळी विचारायचं. पत्ता राखून ठेवणं इथेही करायचंच.

एक ताई विचारताहेत: आमचं घर भाड्याचं, राउटर दारावर टांगलेला, दारापाशी प्रिंटर ठेवायला जागा नाही, भिंतीला भोक पाडता येत नाही. ताई, लॅनच्या तारेला शंभर मीटरपर्यंत काही अडचण नाही, तुमच्या घरात दहा मीटर पुष्कळ होतील. चपटी तार मिळते, ती दाराच्या चौकटीवरून खाली आणून भिंतीच्या कडेने फरशीलगत नेता येते, दाराच्या फटीतूनही जाते. चिकटपट्टीच्या छोट्या क्लिप लावा, घर सोडताना निघतात. तार घ्यायच्या आधी सुतळी घेऊन तोच मार्ग चौकटीला वळसे घालत मोजा, सरळ अंतर मोजाल तर कमी पडेल. वर एक मीटर जादा धरा आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली तयार कॅट-६ प्रकारची लॅनची तार मागा.