भाडे थकते तेव्हा

बेघर म्हटले की पदपथावर पथारी टाकून झोपलेला एकटा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि कॅमेरेही बहुधा त्यालाच शोधतात. मुलाबाळांसह घर गमावलेले कुटुंब या चौकटीत क्वचितच सापडते, कारण उघड्यावर येणे ते शक्य तितके लांबवत असते. आधी ते एखाद्या नातेवाइकाकडे राहते, तिथल्या माणसांचा धीर संपला की दुसऱ्याकडे जाते, मग एखाद्या स्वस्त लॉजवर किंवा गाडीतच रात्री काढते आणि सगळे मार्ग खुंटल्यावर निवाऱ्याचे दार ठोठावते. मुले आपल्यापासून काढून घेतली जातील, या धास्तीने अनेक आईवडील आपली अवस्था शाळेलाही कळू देत नाहीत. रात्री रस्त्यांवर फिरून केलेल्या मोजणीत अशी कुटुंबे येत नाहीत. त्यामुळे प्रश्न कागदावर लहान दिसतो आणि त्यासाठीची तरतूदही लहानच राहते.

घर जाण्याचे निमित्त प्रत्येक कुटुंबात वेगळे असते: आजारपण, सुटलेली नोकरी, नवऱ्याची मारहाण, घरमालकाने अचानक वाढवलेले भाडे. पण अशी संकटे सुस्थितीतल्या घरांवरही येतात आणि ती घरे टिकून राहतात. फरक पडतो तो मिळकत आणि भाडे यांच्यातील अंतराने. किराणा कमी भरता येतो, औषधाचा एखादा डोस चुकवता येतो (आणि तो चुकवला जातोच), भाडे मात्र ठरलेल्या तारखेला पूर्ण रकमेनेच द्यावे लागते. अमेरिकेत सार्वजनिक घरांसाठी १९६९ साली भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरवण्यात आली, १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेण्यात आली आणि ‘परवडणारे घर’ ठरवताना आजही बहुधा हाच आकडा वापरला जातो. ज्या कुटुंबाची निम्म्याहून अधिक कमाई भाड्यातच जाते, त्याच्याकडे एका महिन्याची अडचण निभावण्याइतकीही शिल्लक उरत नाही.

मग अशा कुटुंबाला कोणती मदत उपयोगी पडते? अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०१० ते २०१२ या काळात १२ ठिकाणच्या निवाऱ्यांतील २,२८२ कुटुंबे एका अभ्यासात सामील करून घेतली. काहींना दीर्घकाळ चालणारे भाडे-अनुदान देऊ केले, काहींना थोड्या महिन्यांपुरते, काहींना समुपदेशनासह संक्रमण निवास (कायमचे घर मिळेपर्यंत राहण्याची तात्पुरती सोय), तर उरलेल्यांना प्रचलित व्यवस्थेवरच सोडले. कोणाच्या वाट्याला काय यावे, हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरले. दीर्घकालीन अनुदान मिळालेली कुटुंबे पुन्हा बेघर होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. एवढेच नव्हे, तर मुलांची आईवडिलांपासून ताटातूट, शाळा बदलण्याची वेळ आणि घरातील मारहाण यांचेही प्रमाण घटले, आणि माझ्या मते या अभ्यासाचा सर्वांत बोलका भाग हाच आहे. या कुटुंबांवर त्यासाठी कोणताही खास उपचार लादलेला नव्हता. त्यांना फक्त भाड्याची शाश्वती मिळाली होती. अनुदान मिळालेल्या गटात सुरुवातीला नोकरी करणाऱ्यांचे प्रमाण काहीसे कमी झाले, हेही सांगायला हवे, कारण विरोधक नेमका तोच मुद्दा पुढे करतात. खर्चाचे म्हणाल, तर तीन वर्षांत तो प्रचलित व्यवस्थेपेक्षा केवळ ९ टक्क्यांच्या आसपास जास्त आला. निवारा फुकट चालत नाही, याचा विसर पडल्यामुळेच अनुदान महाग वाटते.

कायद्याने हक्क दिला म्हणजे घर मिळतेच असे नाही. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने मुले असलेल्या बेघर कुटुंबांची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली आणि २०१७ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये घर जाण्याच्या ५६ दिवस आधीपासून मदत करणे बंधनकारक झाले. तरतूद उत्तम आहे, पण परिषदांकडे द्यायला पुरेशी घरेच नसल्याने, एकटी माणसे धरून १ लाखाहून अधिक कुटुंबे तिथे तात्पुरत्या निवासात अडकून पडली आहेत.

घरांचा असा साठा कसा उभा राहतो, हे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे दिसते. पडद्यावर दिसणारी ही एक किलोमीटरहून लांब इमारत म्हणजे तिथल्या महापालिकेने बांधलेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत आहे. १९२३ साली त्या शहराने श्रीमंतांवर चढत्या दराने आकारला जाणारा गृहनिर्माण कर बसवला आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे बांधली. ती विकून टाकली नाहीत, हा त्यातला महत्त्वाचा निर्णय होय. आज तिथल्या महापालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे भाड्याने दिलेली आहेत. अनुदानाची रक्कम खासगी घरमालकांच्या वाढत्या भाड्यातच विरून जाऊ नये, यासाठी असा साठा लागतो.

म्हणून कोणत्याही शहराचे अंदाजपत्रक मांडले जाते, तेव्हा निवाऱ्यातील खाटांच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे नागरिकांनी मागून घ्यावेत: थकलेले भाडे वेळेवर भरून किती कुटुंबांचे राहते घर वाचवले, आणि निवाऱ्यातून मिळकतीशी जोडलेल्या भाड्याच्या घरात गेलेल्या कुटुंबांपैकी किती जण दोन वर्षांनंतरही त्याच घरात राहत आहेत.