खिडकीतलं झाड, हातातलं खुरपं

मित्रहो, रुग्णालयाची बाग म्हटलं की प्रवेशद्वारापुढची हिरवळ डोळ्यांसमोर येते आणि तिच्यावरची 'आत जाऊ नये' ही पाटी. ती बाग इमारतीची. मी आज पेशंटच्या बागेबद्दल बोलणार आहे.

१९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाचा एक छोटा शोधनिबंध 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, वजन, धूम्रपान वगैरे बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही झाडं दिसणाऱ्यांना कमी लागली. अभ्यास लहान आहे, झाडानं जखम भरली असं मी म्हणणार नाही. पण मला त्यातल्या नर्सच्या नोंदी फार मोलाच्या वाटतात. रोजच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या त्या नोंदींत 'अस्वस्थ आहे, रडतो आहे' अशा तऱ्हेचे शेरे भिंतीकडच्या रुग्णांच्या वाट्याला जास्त आले होते.

हे झालं नुसतं पाहण्याचं. हॉर्टिकल्चरल थेरपी, म्हणजे बागकामातून उपचार, त्याच्या पुढे जाते. तिथे प्रशिक्षित माणूस त्या रुग्णासाठी नेमकं उद्दिष्ट ठरवतो आणि प्रगतीची नोंद ठेवतो. अर्धांगवायूनंतर बोटांची पकड गेलेल्या माणसाला आपण रबरी चेंडू दाबायला देतो. तो दहादा दाबतो आणि कंटाळतो. त्याच हाताला बी चिमटीत धरून मातीत टोचायला सांगा. बोटांची मेहनत तीच, पण आठवड्यानं तिथे कोंब येतो आणि तो पाहायला माणूस स्वतःहून उठतो.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. रुग्णालयात माणसाला दिवसभर काही ना काही दिलं जातं. गोळी दिली जाते, सुई टोचली जाते, कूस बदलली जाते. सगळे त्याची काळजी घेतात आणि त्यानं कोणाची घ्यावी असं तिथे कोणीच नसतं. रोपाला पाणी घालताना ही बाजू उलटते. आज आपण गेलो नाही तर ते सुकेल, एवढी एक जबाबदारी पुन्हा हातात येते. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहून देता येत नाही.

आता बांधकामाबद्दल. वाफा उंच हवा, व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे खाली जातील असा. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायच्या तर वाट १.८ मीटर रुंद हवी. बाकांना पाठ आणि हात हवेत, म्हणजे उठताना आधार मिळतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वाट फिरून सुरुवातीलाच यावी, कारण वाट अचानक संपली की ते गोंधळतात. जमिनीवरची गडद पट्टीसुद्धा त्यांना खड्ड्यासारखी भासू शकते. कण्हेरीसारखी विषारी झाडं तिथे नकोतच. आणि प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्या रुग्णांना, उदाहरणार्थ अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांना, मातीपासून दूरच ठेवा. कुंडीतल्या मातीत अ‍ॅस्परजिलस बुरशी असते. त्यांना काचेआडून झाड दिसू द्या.

एवढं सगळं करून दाराला कुलूप लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दाराला उंबरठा असेल तर तोही काढा, चाकं अडतात.

बाग नातेवाइकांची आणि रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सचीही आहे. म्हणून एक बाक वॉर्डाच्या खिडक्यांपासून आडोशाला ठेवा. डॉक्टरांनी नको ती बातमी सांगितल्यावर माणसाला रडायला रुग्णालयात दुसरी जागा नसते.