डर्क नोवित्स्की: 'सात फुटी आहे म्हणून बास्केट पडते' म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. गेले कित्येक दिवस प्रत्येक व्हिडिओखाली एक मागणी येतेय, "ताई, डर्क नोवित्स्कीवर बोला ना." आणि तिच्या खालीच कोणीतरी लिहितं, "सात फूट उंची असल्यावर काय, कोणीही बास्केट करेल." ही दुसरी कमेंट माझ्या डोक्यात बसलीये, त्यामुळे आज बोलतेच.

प्राथमिक माहिती भराभर उरकते. जन्म १९ जून १९७८, जर्मनीतलं व्युर्त्सबुर्ग. आई हेल्गा जर्मनीच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलवाले. एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिच्या १९९८च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू संघांनी निवडायचा कार्यक्रम) नववा क्रमांक, निवडलं मिलवॉकीने आणि त्याच रात्री गेला डॅलसकडे. मग तिथेच २१ हंगाम. ३१,५६० गुण. २००७ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू, हा मान मिळवणारा पहिला युरोपियन. २०११ मध्ये विजेतेपद. हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. आणि हो, आडनाव 'नोविट्झकी' नाही, 'नोवित्स्की'. झालं, पुढे चला.

आता खरा माणूस, डर्कला घडवणारा. होल्गर गेश्विंडनर. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मन संघाचा कर्णधार, शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचं. त्याने हा पंधरा-सोळा वर्षांचा उंच, हडकुळा पोरगा खेळताना पाहिला आणि त्याला हाताशी धरलं. राटेल्सडॉर्फ नावाच्या छोट्या गावातल्या साध्या जिममध्ये सराव. हातांवर चालायचं, नौका वल्हवायची, पुस्तकं वाचायची, सॅक्सोफोन शिकायचा. शरीराला ताल कळला पाहिजे म्हणून. आणि शॉट? त्याने डर्कची उंची, हाताची लांबी मोजली आणि कागदावर गणित मांडलं: चेंडू कोणत्या कोनातून सोडला तर हात थोडा चुकला तरी बास्केट होईल?

इथे नीट लक्ष द्या. हे समजलं की डर्क समजला.

(बांगडी कॅमेऱ्यासमोर धरून) ही बांगडी म्हणजे रिंग. बरोबर वरून बघा, पूर्ण गोल. आता हळूहळू तिरकी करते. बघा, अंडाकृती झाली. अजून तिरकी, आता नुसती फट उरली. चेंडूला रिंग अशीच 'दिसते'. रिंग आतून ४५ सेंटीमीटर, चेंडू साधारण २४. चेंडू ४५ अंशांनी खाली आला तर त्याच्यासाठी तोंड उरतं जेमतेम ३२ सेंटीमीटर. ६० अंशांनी आला तर ३९. आणि ३० अंशांनी सपाट आला तर साडेबावीस! म्हणजे चेंडूपेक्षा रिंग लहान. कडेला घासल्याशिवाय आत जाणारच नाही.

मी नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर खेळायचे. सर रोज ओरडायचे, "वर टाक गं, वर!" का, ते कधी कोणी सांगितलं नाही. मी चार वर्षं सपाट शॉट मारले, चेंडू पुढच्या कडेवर आपटून तोंडावर यायचा. ही बांगडी मला तेव्हा कोणी दाखवली असती तर! मुलांना शिकवता ना, मग कारणही सांगा. बाराव्या वर्षी ते कळतं.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने. डर्कचा तो एका पायावरचा फेडअवे, म्हणजे मागे झुकत मारलेला शॉट. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडी घेतो, उजवा गुडघा डिफेंडरच्या दिशेने वर, अंग मागे झुकलेलं. गुडघ्यामुळे समोरचा जवळ येऊ शकत नाही. पण अंग मागे चाललंय ना, मग चेंडूला जोर कुठून मिळणार? तिथे वर्षानुवर्षांचा सराव लागतो: मागे पडतानाही हात, मनगट, बोटं तीच आणि चेंडूची कमान तेवढीच उंच. आज ड्युरांटसारखे खेळाडूही तो शॉट मारतात.

तरीही "उंची, उंची" म्हणायचंय? मग तिसरी बाजू ऐका. फ्री थ्रो, म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणारा शॉट. समोर कोणी नाही, हात वर करून अडवणारा नाही, उडीसुद्धा नाही. शॅकील ओनील सात फूट एक इंच, कारकिर्दीतले फ्री थ्रो सुमारे ५३ टक्के. डर्क सात फूट, जवळजवळ ८८ टक्के. उंची सारखीच की! २०११ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध कॉन्फरन्स फायनलच्या (अंतिम फेरीच्या आधीची फेरी) पहिल्या सामन्यात त्याने ४८ गुण केले, त्यात २४ पैकी २४ फ्री थ्रो. चोवीस. एकही चुकला नाही.

आणि चुकलाच नाही कधी असं नाही. २००६ची फायनल, मायामीविरुद्ध डॅलस मालिकेत २-० पुढे. तिसऱ्या सामन्यात ३.४ सेकंद उरले असताना दोन फ्री थ्रो, दोन्ही आत गेले तर बरोबरी. पहिला गेला, दुसरा चुकला. सामना हरले, मग पुढचे तीनही हरून विजेतेपदही गेलं. पुढच्या वर्षी ६७ विजय मिळवून पहिल्याच फेरीत बाहेर. एका प्रेक्षकाने लिहिलंय, "दबावात खचणारा." मला हे वाचून राग येतो, खरंच सांगते. तो जो दुसरा फ्री थ्रो चुकला ना, त्यानंतरही पाच वर्षं तो त्याच होल्गरबरोबर उन्हाळाभर तोच शॉट मारत होता.

२०११, पुन्हा मायामी. आता तिकडे लेब्रॉन, वेड आणि बॉश, असे तीन स्टार एकत्र. पहिल्याच सामन्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या सामन्यात संघ १५ गुणांनी मागे होता, तिथून वर आले आणि शेवटची विजयी बास्केट त्याने त्याच डाव्या हाताने ले-अप (रिंगजवळून टाकलेला शॉट) टाकून केली. चौथ्या सामन्यात अंगात ताप. सहाव्यात पहिल्या अर्ध्यात १२ पैकी एकच शॉट पडला. एक! दुसऱ्या अर्ध्यात त्याने शॉट बदलला नाही, तोच कोन, तीच उंच कमान, आणि सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर २१ गुण होते.

बझर वाजला आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. डर्क मात्र स्कोअररच्या टेबलावरून पलीकडे गेला आणि थेट ड्रेसिंग रूममध्ये. रडत होता. ट्रॉफी द्यायची म्हणून त्याला परत बोलावून आणावं लागलं.