पार्किन्सन्समध्ये दुखते ते कोठे?

शुभार्थी (म्हणजे पार्किन्सन्स झालेले), शुभंकर (म्हणजे त्यांची काळजी घेणारे) आणि मित्रहो,

पार्किन्सन्समुळे मेंदूची वेदना हाताळण्याची रीत कशी बदलते, हा आजचा विषय आहे. त्याकडे वळण्यापूर्वी एक तक्रार मांडते, कारण ती मनात असल्यामुळेच मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले. तपासणीच्या खोलीत आम्ही डॉक्टर मंडळी हाताचा कंप पाहतो, बोटे आपटायला सांगतो, मनगट फिरवून ताठरपणा पाहतो, दारापर्यंत चालवून आणतो; पण ‘तुमचे कुठे दुखते, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दुखते?’ हा प्रश्न पुष्कळदा राहूनच जातो. ज्यांना तो विचारला गेला असेल त्यांनी हात वर करावा. खांदा दुखत असेल त्यांनी मनातल्या मनात वर केला तरी चालेल.

खांद्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. पन्नाशी-साठीतील व्यक्तीचा एक खांदा दुखू लागतो, सदरा घालताना हात मागे जात नाही, मग हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे होतो, मधुमेहातही खांदा आखडतो म्हणून रक्तातील साखर तपासली जाते, ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान होते आणि शेक, व्यायाम, इंजेक्शन असे महिने जातात. पुढे केव्हातरी घरातल्याच कोणाच्या तरी लक्षात येते की चालताना त्याच बाजूचा हात हलत नाही, किंवा बँकेतील सही बारीक झाली आहे, आणि मग पार्किन्सन्सचे निदान होते. हा क्रम मी अनेक कुटुंबांकडून ऐकला आहे. त्यात हाडांच्या डॉक्टरांचे निदान खोटे नसते, कारण खांदा खरोखरच आखडलेला असतो. मात्र तो का आखडला, हे पाहण्यासाठी रुग्णाला चार पावले चालायला लावून हातांची हालचाल न्याहाळणे पुरेसे असते, आणि नेमके तेच होत नाही. पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये खांद्याच्या दुखण्याची नोंद १९८९ सालीच झालेली आहे. दुखणाऱ्या माणसानेही ते वयावर किंवा संधिवातावर ढकललेले असते, त्यामुळे न विचारणारा आणि न सांगणारा असे दोघे समोरासमोर बसतात आणि वेदना केसपेपरवर उतरतच नाही.

या दुर्लक्षाची मुळे जुनी आहेत. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि व्याख्येच्या शेवटी लिहिले की संवेदना व बुद्धी यांना बाधा पोहोचत नाही. त्याच निबंधात हातातील संधिवातासारख्या दुखण्याचाही उल्लेख आहे. परंतु व्याख्या पाठ झाली आणि दुखणे बाजूला पडले. पुढे मेंदूतील कृष्णद्रव्य या गडद रंगाच्या भागाचा या आजाराशी असलेला संबंध आणि तेथील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी यांचा उलगडा झाल्यावर तर हा केवळ हालचालींचा आजार आहे ही समजूत अधिकच घट्ट झाली.

आता मूळ विषय. इजेचा संदेश मज्जारज्जूतून वर चढतो तेव्हा मेंदू त्याचे दोन अंगांनी आकलन करतो. थॅलॅमस या मेंदूतील संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून संवेदी बाह्यकाकडे, म्हणजे स्पर्श व वेदना ओळखणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, जाणारा मार्ग कोठे आणि किती दुखते ते सांगतो, तर इन्शुला आणि अग्र सिंग्युलेट या भागांकडे जाणारा मार्ग ती वेदना किती असह्य वाटावी हे ठरवतो. यांखेरीज मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातून, खाली मज्जारज्जूकडे येणारी एक व्यवस्था आहे, जी नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या साहाय्याने वर येणारे संदेश आवरून धरते. पार्किन्सन्स या तिन्ही ठिकाणी पोहोचू शकतो. जर्मन संशोधक हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले की पार्किन्सन्समध्ये मज्जापेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा साठा बऱ्याच रुग्णांत मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात आधी दिसतो आणि कृष्णद्रव्यापर्यंत नंतर पोहोचतो. वेदना आवरणारी केंद्रे याच वाटेवर आहेत, त्यामुळे कंपाच्या आधी दुखणे का सुरू होत असावे, याचे एक पटण्याजोगे उत्तर येथे मिळते.

यावर ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे कोणी म्हणेल, म्हणून दोन प्रयोग सांगते. ते ऐकल्यावर निदान मला तरी शंका उरली नाही. २००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी ज्यांना एरवी दुखणे नव्हते अशा रुग्णांना थंड पाण्यात हात बुडवायला सांगून मेंदूचे चित्रण केले. औषध न घेतलेल्या अवस्थेत रुग्णांना निरोगी माणसांपेक्षा लवकर वेदना झाली आणि लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत डोपामिनमध्ये बदलणारे पार्किन्सन्सचे औषध, घेतल्यावर वेदनेचा उंबरठा वर गेला, म्हणजे वेदना उशिरा जाणवू लागली, शिवाय मेंदूच्या वेदनेशी निगडित भागांतील वाढलेली क्रियाशीलताही उतरली. दुसऱ्या प्रयोगात घोट्याजवळील मज्जातंतूला विजेचा झटका देऊन मांडीच्या स्नायूची आपोआप होणारी प्रतिक्षिप्त क्रिया मोजली. ही क्रिया रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून नसते, तरीही पार्किन्सन्समध्ये ती कमी झटक्यालाच उमटली, आणि लेव्होडोपाने तिचाही उंबरठा वाढला. पण केवळ डोपामिनच्या कमतरतेने सारे उलगडत नाही: डोपामिनसारखेच काम करणाऱ्या अॅपोमॉर्फिनने, अशाच एका चाचणीत, उंबरठा हलला नाही. म्हणूनच नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिनकडे बोट दाखवले जाते.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगते. स्नायू व सांध्यांचे दुखणे, मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंची कळ, पहाटे पायाची बोटे वळून येणारा पेटका, आतून बसू न देणारी बेचैनी, आणि कोणत्याही इजेशिवाय मेंदूतूनच उपजणारी जळजळ, हे प्रकार वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. गोळीचा अंमल उतरताना वाढणारे आणि गोळी लागू पडल्यावर कमी होणारे दुखणे पुष्कळदा औषधांची आखणी बदलून आटोक्यात येते, काहींना मेंदूतील खोल उत्तेजनाच्या, म्हणजे मेंदूत तारा बसवून विजेचे सूक्ष्म स्पंद देण्याच्या, शस्त्रक्रियेनेही उतार पडतो. अफूवर्गातील ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत मात्र १६ आठवड्यांनंतरच्या मुख्य मोजमापावर निर्णायक फरक दिसला नाही, आणि या वर्गाच्या औषधांनी पार्किन्सन्समधील बद्धकोष्ठता आणखी वाढू शकते. माझी विनंती एवढीच की शुभंकरांनी आठवडाभर गोळीची वेळ आणि दुखण्याची वेळ वहीत शेजारीशेजारी लिहावी आणि ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवावी. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नयेत, कारण लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास तीव्र ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.