मैत्रिणींनी वाळीत टाकलेली मुलगी

अध्यक्ष महोदय आणि मंडळाच्या सभासदांनो,

ठाण्यात शालेय समुपदेशक म्हणून काम करताना माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी फारच थोड्या जणींना कोणी मारले होते; बहुतेकींना मैत्रिणींनी वाळीत टाकले होते. ओळख पटू नये इतके तपशील बदलून घोडबंदर रस्त्यावरच्या एका सातवीतल्या मुलीबद्दल सांगते. मैत्रिणींनी तिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप केला, स्कूलबसमध्ये तिच्या जागेवर दप्तरे ठेवली, आणि मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की बोलणे थांबू लागले. विचारले तर उत्तर ठरलेले: "कुठे काय? तुझंच काहीतरी असतं." वर्गशिक्षिकेला नोंद करण्याजोगे काहीच सापडले नाही, आणि असा छळ महिनोन्‌महिने चालतो तो याचमुळे.

फिनलंडमध्ये १९८८ साली अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलींचा राग चहाड्या, अफवा आणि अबोला अशा आडवाटांनी अधिक बाहेर पडताना दिसला. मुलगेही हे करतात आणि दोघांतला फरक समजला जातो तेवढा मोठा नाही, हे पुढील संशोधनातून पुढे आले. म्हणूनच "बायकांची जातच अशी" हे आपल्याकडचे वाक्य मला मुळीच मान्य नाही. मुलीने आवाज चढवू नये, उलट उत्तर देऊ नये, असे आपण तिला कळायला लागल्यापासून बजावतो. राग मात्र तिलाही येतोच, आणि उघड भांडायची सोय नसल्यामुळे तो कुजबुजीतून निघतो. त्यातच या वयातली मैत्री दोघीतिघींची, घट्ट, एकमेकींची गुपिते ठाऊक असलेली असते, त्यामुळे बिनसले की नेमके कुठे दुखेल हे मैत्रिणीलाच सर्वांत चांगले माहीत असते.

पुढारीपण करणारी बहुधा एकच असते. बाकीच्या जणी पुढची पाळी आपली येईल या धास्तीने मान डोलावतात, आणि माझ्या मते खरे काम त्यांच्यासोबत करायला हवे. शाळेतला छळ रोखण्यासाठीच्या फिनलंडच्याच 'किवा' या कार्यक्रमाचा भरही अशा बघ्यांवर आहे.

आपल्या लेकींनाही "तुला कोणी त्रास देतं का?" असे विचारण्याऐवजी "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असे विचारा, आणि एकटी कोण बसली होती, हेही विचारा. तक्रार आली तर दोघींना समोरासमोर बसवून "चला, आता गट्टी करा" एवढ्यावर प्रकरण मिटवू नका. जिच्या पाठीशी अख्खा गट आहे तिच्यासमोर एकटी मुलगी खरे बोलत नाही. त्यांच्याशी वेगवेगळे बोला, ग्रुपवरचे संदेश जपून ठेवा आणि शाळेला लेखी कळवा.