दोन पाण्यांचा हरभरा आणि जिवाणू खते

(दृश्य: सोलापूर भागातले काळे रान, नुकताच वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलेला.)

विहिरीत पाणी दोनच पाळ्यांचे, आणि त्यावर हरभरा काढायचा आहे. अशा रानात जिवाणू खत खरेच उपयोगी पडते, पण ते जिवंत आहे हे ध्यानात ठेवून वापरले तरच.

चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, मात्र चुन्याशी बांधलेला. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातला काही मोकळा करतात. रायझोबियम हा दुसरा जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतो. रायझोबियमचे पाकीट हरभऱ्याचेच घ्या. सोयाबीनचे उरलेले इथे चालत नाही.

(दृश्य: गोणपाटावर पसरलेले बियाणे.)

एकरी ३० किलो बियाणे धरू. आधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार होऊ द्या. गरम द्रावणात जिवाणू मरतात. दर १० किलो बियाण्याला दोन्ही जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम, म्हणजे एकराला तीन-तीन पाकिटे. द्रावण दाणा ओलसर होईल एवढेच. जास्त झाले की दाणा फुगतो आणि पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) नळ्यात अडकतो. तासभर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. ट्रायकोडर्माऐवजी रासायनिक बुरशीनाशक वापरणार असाल, तर ते आधी लावा, जिवाणू सगळ्यात शेवटी. चोळलेले बियाणे खतात मिसळू नका.

खरे नुकसान बहुतेकदा त्याआधीच झालेले असते. पाकीट पत्र्याच्या तापलेल्या खोलीत पडून राहते, मुदत उलटून जाते, आणि दोष मात्र जिवाणूंना लागतो.

पेरणी ओलीवरच. जिरायत रानात १० सेंटिमीटर खोल, म्हणजे बी ओलीत पडते. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर नुसत्या पाकिटावर भिस्त ठेवू नका. शेणखत हवेच, जिवाणूंचा तो आहार आहे.

(दृश्य: सरीतून जाणारे पाणी.)

पहिले पाणी ३० ते ३५ दिवसांनी, दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. एकच असेल तर फुले लागताना. दोन्ही पाणी हलकेच द्या. काळ्या रानात पाणी साचले की मुळांची हवा तुटते, गाठींचे काम मंदावते, पीक उभळते, म्हणजे पिवळे पडून सुकते.

चाळिसाव्या दिवशी दोन-चार झाडे मातीच्या गड्ड्यासह काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळे पाण्यात धुऊन गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर नत्राचे काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पाकीट कुठे ठेवले होते, युरिया किती पडला, पेरताना ओल किती होती, हे त्याच दिवशी वहीत लिहा.