पटावर तीनच सोंगट्या

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर रविवारी सकाळी बुद्धिबळाचा वर्ग भरतो. बत्तीस सोंगट्यांची पेटी हाताशी असूनही सर पटावर तीनच मांडतात: पांढरा राजा, त्याचे एक प्यादे आणि समोर काळा राजा. २००० साली ग्रँडमास्टर झालेल्या अभिजित कुंटे यांच्या या शहरात पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो, "सर, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्या, कधी शिकवणार?"

प्रश्न रास्त आहे, पण नुसते पाठांतर पुरत नाही. इथल्या एका दहा वर्षांच्या मुलीला इटालियन ओपनिंगच्या दहा खेळ्या तोंडपाठ होत्या. पण समोरच्या मुलाने तिसऱ्याच खेळीला घोडा डी४ या घरावर आणून स्वतःचे ई५ वरचे प्यादे उघडे टाकले आणि तिचे पाठांतर तिथेच संपले. तिने ते प्यादे घोड्याने मारले. लगेच काळा वजीर जी५ वर आला आणि तिचा घोडा व जी२ वरचे प्यादे एकदमच माऱ्यात सापडले. तिने घाईने एफ७ वरचे प्यादेही मारले, तेव्हा आणखी तीन खेळ्यांत काळ्या घोड्याने एफ३ वरून मात दिली, कारण तिच्या राजाच्या वाटा तिच्याच सोंगट्यांनी अडवल्या होत्या. वास्तविक डी४ वरचा घोडा सरळ मारून किल्लेकोट केला असता, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला सुरक्षित नेले असते, तर डाव तिच्याच बाजूला झुकला असता.

सरांनी तिला आणखी ओपनिंग दिले नाही. तिला तीन सोंगट्यांपुढे बसवून ते एवढेच विचारत राहिले, "त्याने ही खेळी का केली?" पांढरा राजा ई६ वर, त्याचे प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो; मात्र राजा तिथवर पोहोचण्याआधीच प्यादे घाईने त्याच्या पुढे दामटले, तर असा डाव बहुधा बरोबरीत सुटतो. इथे पाठांतराला आडोसाच नाही, प्रत्येक खेळीचे कारण सांगावे लागते, आणि अनपेक्षित खेळीपुढे हीच सवय कामी येते, असे आम्हाला मनापासून वाटते.

जगज्जेतेपदही अशाच मोजक्या सोंगट्यांपाशी येऊन ठरू शकते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये, जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या चौदाव्या डावाच्या ५५ व्या खेळीला तेव्हाचे जगज्जेते डिंग लिरेन यांनी हत्ती बदलायला दिले. अठरा वर्षांच्या गुकेशने हत्ती मारला, पाठोपाठ उंटही बदलायला लावले आणि पटावर राहिले फक्त राजे आणि प्यादी; तिथेच गुकेश जगज्जेता झाला.

माडीवर आज ती मुलगी पुन्हा पटाशी बसली आहे. समोरचा घोडा डी४ वर येतो. ती दोन्ही हात मांडीखाली धरते आणि बराच वेळ नुसती पाहत राहते.